परसातील कृष्णकमळ : एका वेलीच्या स्थायिक होण्याचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. पुढे शिक्षणासाठी व नोकरीसाठी मी विदर्भात गेलो, महाविद्यालयात मराठी शिकविले, प्राचीन मराठी काव्यातील निसर्गप्रतिमांवर प्रबंध लिहून पीएच.डी. मिळविली आणि निवृत्तीनंतर बैहरच्या जुन्या घरी परत आलो. मराठीत बोलण्याची अनुज्ञा आणि विषय निवडण्याची मोकळीक, या दोन्ही गोष्टी शाळेने मला दिल्या, याबद्दल मी ऋणी आहे. मी संतवाङ्मयावर बोलेन अशी काहींची अपेक्षा असावी. परंतु ज्या विषयाचा पहिला धडा मला गुरुजींनी दिला, तोच आज त्यांच्यापुढे ठेवावा असे वाटले. तो विषय म्हणजे परसातील एक नाजूक वेल, कृष्णकमळ.

वेलीवर कसला इतिहास सांगावयाचा, असा प्रश्न कोणी विचारील. इतिहास राजांचा आणि लढायांचा असतो, हे खरे. पण कोणती वनस्पती कोठून आली, तिला कोणी कोणते नाव दिले आणि कोणत्या अंगणात ती टिकली, हाही माणसांचाच इतिहास होय. माझे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे : बाहेरून आलेली वेल आपली होते ती नावाने आणि जोपासनेने, आणि या दोहोंपैकी एक जरी सुटले, तरी ती पुन्हा परकी होते.

१

प्रथम माझ्या अपराधाची कथा सांगतो.

मी त्या वेळी सहावीत होतो. शाळेच्या विहिरीजवळ बांबूचा एक लहानसा मांडव होता आणि त्यावर गुरुजींनी लावलेली वेल चढली होती. पावसाळ्यात तिला जांभळी, गोल, तबकडीसारखी फुले येत. त्या वर्षी पौषात कडाक्याची थंडी पडली. एके दिवशी सकाळी येऊन पाहतो तो संपूर्ण मांडव काळा पडलेला. पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, “पाला मार गया.”

येथे भाषेची एक गंमत आहे. हिंदीत ‘पाला’ म्हणजे गोठलेले दंव. मराठीत ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने. माझ्या घरी मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे ‘पाल्याला पाला मारतो’ हे वाक्य आम्हां मुलांना कोड्यासारखे वाटे. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या मुलालाच असली कोडी सुचतात आणि सुटतात.

दोन-चार दिवसांत शाळेची तपासणी होती. आवार स्वच्छ करण्याचे काम आमच्या वर्गाकडे आले. आपण काही चांगले करीत आहोत अशा समजुतीने मी ती वाळलेली वेल मांडवावरून ओढून काढली आणि कुदळीने तिचा बुंधा उपटून टाकला. गुरुजी आले. त्यांनी तो बुंधा उचलला, नखाने साल किंचित खरवडली आणि मला दाखविली. आत हिरवा रंग होता.

“अरे, ही मेली नव्हती,” एवढेच ते म्हणाले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी ती गोष्ट कदाचित विसरलोही असतो. त्यांनी मला एक काम दिले. उपटलेल्या जागेच्या खड्ड्याला रोज थोडे पाणी घालावयाचे. रिकाम्या खड्ड्याला पाणी घालणाऱ्या मुलाला सोबती किती हसले असतील, याची कल्पना आपण करू शकता. पण चैत्रात त्या खड्ड्यापासून दोन हात अंतरावर जमिनीतून तांबूस-हिरवा धुमारा वर आला. या वेलीची मुळे जमिनीखाली लांबवर जातात आणि तुटून राहिलेल्या मुळीतूनही नवा कोंब फुटू शकतो, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. गुरुजींना ते ठाऊक होते.

पावसाळा लागला तेव्हा त्यांनी मला त्या वेलीची एक फांदी दिली; पण देण्यापूर्वी विचारले, “हिचे नाव काय?” मी म्हणालो, “राखी फूल.” ते म्हणाले, “नाव बरोबर आहे. आता घरी आईला विचारून ये.” आई म्हणाली, “ते कृष्णकमळ.” आणि तिने मला फूल हातात घेऊन मोजून दाखविले : भोवतालचे तंतू ते शंभर कौरव, त्यांच्या आतले पाच ते पांडव, वरचे तीन ते ब्रह्मा-विष्णू-महेश. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी इंग्रजीतील नाव सांगितले. तिन्ही नावे पाठ म्हणून दाखविल्यावर ती फांदी माझ्या हाती आली. तिच्याच वंशातील वेल आज माझ्या परसात आहे.

२

ही वेल येथे ज्या मातीत रुजली त्या भूमीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे.

बैहर हे मैकल डोंगररांगांतील पठारावरचे गाव. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या गावाचे आधीचे नाव बुऱ्हा. ‘बालाघाट’ हे नाव घाटावरील मुलखाचे. त्या काळी हे पठार मुख्यतः गोंड व बैगा लोकांचे होते. परसवाड्याच्या पठारावर लछमन नाईक याने १८१० च्या सुमारास पहिली खेडी वसविली, असे इंग्रजी काळातील गॅझेटियर सांगते. जिल्ह्याचे पहिले डेप्युटी कमिशनर ब्लूमफील्ड यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना बैहर तहसिलीत येऊन वसण्यास उत्तेजन दिले. त्यांच्याबरोबर धानाची बांधी आली, पाटाचे पाणी आले आणि हिंदी-मराठीच्या संगमावर उभी असलेली पोवारी बोली आली. कचेऱ्या, शाळा, जंगलखाते यांच्या निमित्ताने काही मराठी कुटुंबेही घाट चढून आली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक.

तेव्हा नागपूर ही राजधानी होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना प्रांताच्या कारभारात स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिला. कोणी घर हलविले नाही, कोणाचे परस बदलले नाही. पण मराठी ही कचेरीतून, हळूहळू शाळेतून, आणि शेवटी ओसरीवरून स्वयंपाकघरात गेली. यात कोणाविरुद्ध तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. हिंदीने मला पहिली अक्षरे शिकविली; तिचे ऋण मी मानतो. परंतु इतिहास सांगावयास उभे राहिल्यावर घडले ते सांगितले पाहिजे.

एक गोष्ट मात्र आपण स्वच्छ मनाने कबूल करावी. या पठारावर गोंड-बैगांच्या तुलनेत आपण बहुतेक सर्व जण पाहुणे आहोत. कृष्णकमळ परदेशी म्हणून त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार ज्यांचे पणजोबा स्वतः बैलगाडीतून घाट चढून आले त्यांना नाही.

३

आता त्या फुलाच्या प्रवासाकडे वळू.

वनस्पतिशास्त्रात या कुळाला ‘पॅसिफ्लोरा’ म्हणतात. लिनिअसने १७५३ मध्ये हे नाव रूढ केले. या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य अमेरिका खंडातील आहेत. ‘पॅशन फ्लॉवर’ या नावातील ‘पॅशन’ म्हणजे आवेग किंवा प्रणय असा समज मी सुशिक्षितांतही पाहिला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ यातना. येथे येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या यातना. दक्षिण व मध्य अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना या फुलात क्रुसाची कथा दिसली. रोममध्ये जाकोमो बोसियो याने क्रुसावर लिहिलेल्या, १६१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या फुलाला स्थान दिले, आणि युरोपात त्या अर्थाची ख्याती झाली. तंतूंचे वलय हा काटेरी मुकुट, पाच परागकोश या पाच जखमा, वरचे तीन भाग हे तीन खिळे, वेलीचे ताणे हे आसूड. पुढे दहा पाकळ्यांत दहा शिष्यही पाहिले गेले.

तेच फूल मराठी अंगणात आले, आणि माझ्या आईने, जिने रोमचे नावही क्वचितच ऐकले असेल, त्याच तंतूंत कौरव पाहिले आणि त्याच पाचांत पांडव. विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे की मोजणी दोन्हीकडे तीच आहे. पाच ते पाच, तीन ते तीन. फुलाची रचना बदलली नाही. वाचणाऱ्याची पोथी बदलली. वास्तविक तंतू नेमके शंभर नसतात; जातीप्रमाणे, किंबहुना फुलाफुलाप्रमाणे ते कमीअधिक भरतात. पण कथेला जी संख्या हवी ती आजीबाईंनी फुलाला देऊन टाकली. हिंदी भाषकांनी त्यात बहिणीची राखी पाहिली. जपानी लोकांनी याला घड्याळाचे नाव दिले, ‘तोकेइसो’. त्यांना तबकडी आणि काटे दिसले. एकाच फुलात एकाला क्रूस, एकाला कुरुक्षेत्र, एकाला राखी आणि एकाला घड्याळ दिसावे, यात मला कोणाचीच चूक दिसत नाही. परक्या वस्तूला घरात घेण्याची ही प्रत्येकाची रीत होय.

४

ही रीत मराठीत केवळ कृष्णकमळापुरती नाही. आपल्या बागांतील वेलींची नावे मी एका कागदावर मांडली, तेव्हा त्यांत मला पाच मार्ग दिसले.

पहिला मार्ग कानाचा. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात, १७६७ मध्ये, कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्राझीलच्या किनाऱ्यावर एक रंगीत वेल आढळली आणि तिला त्या दर्यावर्दीचे नाव मिळाले. मराठी माणसाने त्या लांबलचक नावाच्या शेवटी ‘वेल’ ऐकले आणि ‘बोगनवेल’ म्हणून मोकळा झाला. एका फ्रेंच आडनावाचा शेवट मराठी शब्द झाला, आणि आता तो शब्द परका आहे असे कोणास वाटतही नाही.

दुसरा मार्ग नाकाचा. पाने चुरगाळल्यावर लसणीचा वास येतो, म्हणून ‘लसूणवेल’. तिसरा मार्ग पंचांगाचा. ब्राझीलची नारिंगी फुलांची वेल आपल्याकडे जानेवारीत बहरते, म्हणून ‘संक्रांतवेल’. चौथा मार्ग देव्हाऱ्याचा. अमेरिकेतून आलेली, पिसासारख्या पानांची आणि लाल चांदणीसारख्या फुलांची नाजूक वेल ‘गणेशवेल’ झाली. आणि आपले कृष्णकमळ तर याच वाटेने आले.

पाचवा मार्ग वारशाचा. जुने, कुळवंत नाव नव्या वेलीला देऊन टाकावयाचे. रंगूनची वेल म्हणून ओळखली जाणारी, संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि लाल होणारी फुले ज्या वेलीला येतात, तिला आज आपण ‘मधुमालती’ म्हणतो. हे नाव फार जुने. मंझन या सूफी कवीने १५४५ मध्ये याच नावाचे प्रेमाख्यान हिंदीत रचिले होते. शास्त्रज्ञांना मात्र या वेलीने इतके गोंधळात टाकले की लिनिअसने १७६२ मध्ये दिलेल्या ‘क्विस्क्वालिस’ या नावाचा अर्थच ‘कोण? कसा?’ असा आहे. विद्वान जिला ‘कोण’ म्हणून विचारीत होते, तिला आपल्या बायाबापड्यांनी मधुमालती म्हणून घरात घेतले.

या पाचही मार्गांत एक गोष्ट समान आहे. नाव देणारा त्या वेलीजवळ उभा राहिलेला आहे. त्याने तिचा वास घेतला आहे, ती कधी फुलते हे पाहिले आहे, तिचे तंतू मोजले आहेत. दुरून पाहणाऱ्याला असे नाव सुचत नाही.

५

शब्द आणि रोपे यांचा हा संबंध एका माणसाच्या चरित्रात फार स्पष्टपणे दिसतो. मराठीच्या विद्यार्थ्यांना विल्यम केरी हे नाव परिचित असते. १७९३ मध्ये बंगालमध्ये आलेला हा मिशनरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषांबरोबर मराठीही शिकवू लागला. १८०५ मध्ये त्याचे मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. वैजनाथ पंडितांचे साहाय्य त्याला होते. श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडीचे खिळे पाडले गेले आणि नागपूरकर भोसल्यांची वंशावळही तेथूनच छापून निघाली.

मी तीस वर्षे मुद्रणाच्या इतिहासाच्या तासाला केरी शिकविला. परंतु त्याची दुसरी बाजू मी कधी सांगितली नाही, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. केरी हा जातिवंत बागवान होता. श्रीरामपूरला त्याची स्वतःची मोठी बाग होती. कलकत्त्याच्या कंपनी-बागेचा प्रमुख रॉक्सबर्ग हा त्याचा मित्र. त्याने तयार केलेली त्या बागेतील वनस्पतींची यादी १८१४ मध्ये केरीनेच श्रीरामपुरास छापली. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याच्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथाचे संपादनही त्याने केले. १८२० मध्ये त्याने कृषी व उद्यानविद्येची एक संस्था कलकत्त्यात स्थापिली. रॉक्सबर्गने मित्राच्या नावावरून एका भारतीय वृक्षाला ‘केरिया’ असे नाव दिले. तो वृक्ष म्हणजे आपला कुंभा, हिंदीत कुंभी. तो आपल्या मैकलच्या जंगलात उभा आहे. मराठी शब्द गोळा करणाऱ्या माणसाचे नाव धारण करणारे झाड माझ्या गावाच्या रानात आहे, हे मला सत्तरीत कळावे, याची मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

केरीसाठी शब्द जमविणे आणि रोपे जमविणे ही दोन निराळी कामे नसावीत. दोन्हींत परक्या मातीतील वस्तू हलक्या हाताने उचलून दुसरीकडे जगवावयाची असते.

६

येथवर ऐकून कोणी म्हणेल की बाहेरून येईल ते सारेच गोड मानावे असा माझा उपदेश आहे. तसे नाही. कान्हाच्या वाटेवर जाताना दुतर्फा टणटणीची झुडपे दिसतात. तीही अमेरिकेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या बागेत आली. फुले रंगीत, काटक स्वभाव, कोठेही वाढणारी. आज तिने देशातील जंगलांचा फार मोठा भाग व्यापला आहे. तिच्या गर्दीखाली गवत वाढत नाही, आणि गवतावर जगणाऱ्या जनावरांचा घास कमी होतो. तीही पाहुणीच, पण तिने यजमानाला जागा ठेवली नाही.

आणि हा दोष परकीयत्वाचा म्हणावा तर उलट उदाहरण आपल्याच घरचे आहे. कालिदासाच्या नाटकांतून, संस्कृत काव्यांतून मिरविणारी माधवी ही अस्सल भारतीय वेल. रामटेकच्या सावलीत मेघदूत शिकविताना मी माधवीच्या मांडवाविषयी तास तास बोललो आहे. ती माधवी मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर नेली गेली, आणि तेथे ती रानात शिरून तेथल्या झाडांचे गळे आवळीत आहे. जगातील सर्वांत उपद्रवी ठरलेल्या शंभर आगंतुक जीवांच्या यादीत आपल्या माधवीचे नाव आहे. येथे जी नायिकेची सखी, ती तेथे जंगलाची वैरीण.

तेव्हा देशी-परदेशी हा निवाडा पुरेसा नाही. विचारावयाचा प्रश्न असा की आलेली वेल आधार घेऊन आधाराला जगू देते की नाही. या कसोटीला आमच्या पठारावरचे कृष्णकमळ उतरते. दर हिवाळ्यात थंडी त्याचा माज उतरविते. माणसाचा हात असेल तरच ते पुढच्या पावसाळ्यात मांडवभर होते.

७

आता जोपासनेविषयी. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पत्राने विचारले आहे म्हणून अनुभव सांगतो.

थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून खाली जाऊन खोलगट जागी साचते. म्हणूनच कान्हाच्या मैदानांत डिसेंबर-जानेवारीत गवतावर दंव गोठते आणि सालाचे कोवळे कोंब करपतात, तर शेजारच्या चढावर ती झळ कमी लागते. परसातही हाच नियम. आमच्या भागातील जुनी माणसे परसाला सांदवाडी म्हणतात. सांदवाडीच्या सखल कोपऱ्यात ही वेल लावू नये. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या कडेला लावावी. दिवसा तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. तीन-चार पेरांची फांदी पावसाळ्याच्या आरंभी लावावी, पाणी साचू देऊ नये, शेणखत बेताने द्यावे. खत फार झाले तर पाने माजतात आणि फूल येत नाही. पौष-माघात बुंध्याभोवती तणसाचा जाड थर द्यावा आणि कडाक्याच्या रात्री कोवळ्या वेलीवर पोते टाकावे. थंडीने वेल काळी पडली तरी लगेच कापू नये. वरचा वाळलेला पाला खालच्या जिवंत पेरांचे पांघरूण असतो. थंडी पूर्ण सरल्यावर, फाल्गुनात, नखाने साल खरवडून पाहावी आणि हिरवे लागेल तेथपर्यंतच छाटावे.

या वेलीच्या ताण्यांकडे विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. चार्ल्स डार्विनने चढत्या वनस्पतींवर १८६५ मध्ये प्रदीर्घ निबंध लिहिला. त्याने तपासलेल्या ताण्यांत सर्वांत संवेदनशील ताणा याच कुळातील एका जातीचा ठरला. ताणा हवेत हळूहळू फिरत आधार शोधतो. काडीचा स्पर्श होताच वळतो. आणि धरल्यावर स्प्रिंगसारखा गुंडाळून वेलीला आधाराजवळ ओढून घेतो. वारा आला की ती गुंडाळी ताणली जाते, तुटत नाही. इतकी वर्षे ‘लतेसारखी बिलगली’ ही उपमा मी फळ्यावर लिहून दिली, परंतु बिलगणे म्हणजे काय हे मला निवृत्तीनंतर परसातल्या खुर्चीत बसून कळले.

आणखी एक साक्ष देतो. ठिपक्यांचे तांबूस-नारिंगी, संथ उडणारे एक फुलपाखरू या वेलीवर अंडी घालते. ते आपल्या देशातील जुने रहिवासी. त्याच्या अळ्या रतनपुरुषासारख्या देशी रोपांवर पोसत. त्यांनी परदेशी कृष्णकमळाचे पानही आपले मानले. अळ्यांनी वेल निष्पर्ण केली की घरचे लोक औषध फवारा म्हणतात. मी फवारीत नाही. पाने पुन्हा येतात. आणि ज्या वेलीवर येथल्या फुलपाखराने आपली पोरे ठेविली, तिला परकी म्हणण्याचे कारण उरत नाही.

८

समारोप करतो.

गेल्या पावसाळ्यात माझी नात सुटीत बैहरला आली होती. ती दूरच्या शहरात वाढलेली. मराठी तिला समजते, पण ती उत्तर दुसऱ्या भाषेत देते. मांडवाखाली उभी राहून तिने विचारले, “आजोबा, या फ्लॉवरचं नाव काय?” मी एक फूल तोडून तिच्या हातात दिले आणि म्हणालो, “मोज.” ती पाचपर्यंत मराठीत मोजू शकली. तंतूंशी आल्यावर अडली, कारण तिला विसाच्या पुढचे मराठी आकडे येत नव्हते. आम्ही दोघांनी मिळून मोजले. ते फूल एकच दिवस टिकते. संध्याकाळी ते मिटले, तेव्हा आम्ही सत्तरीपर्यंत पोचलो होतो, आणि मधले बरेच आकडे तिने दोनदा म्हटले होते. जाताना तिने एक फांदी मागितली. मी गुरुजींचाच नियम लावला. तिने ‘कृष्णकमळ’ म्हटले, ‘राखी फूल’ म्हटले आणि इंग्रजी नाव तर तिला येतच होते. मग मी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली.

बैहरमधील मराठीचे काय होणार, असे मला वारंवार विचारले जाते. मी भविष्यवेत्ता नाही. परंतु सहावीत असताना जिवंत बुंधा मेला म्हणून मी उपटला होता, त्यामुळे पुन्हा घाईने निर्णय देण्याचे धाडस मला होत नाही. पुष्कळ घरांत ती वरून वाळलेली दिसते. तरी कोणाच्या आजीच्या तोंडी ती मोजणी अजून असेल, कोणाच्या सांदवाडीत ते नाव अजून असेल. तेथे नखाने हलकेच खरवडून पाहावे, आणि तोवर खड्ड्याला पाणी घालीत राहावे.

माझी या शाळेला एक विनंती आहे. विहिरीजवळचा तो मांडव आता नाही. येत्या पावसाळ्यात तेथे पुन्हा चार बांबू रोवावेत. फांदी मी देईन. मात्र खाली पाटी लावावी ती एका भाषेत नसावी. राखी फूल, कृष्णकमळ, आणि गोंड-बैगा घरांतून आलेली मुले त्यांच्या बोलीत त्या फुलाला जे नाव देतील तेही. या पठारावर जे आधीपासून आहेत त्यांनी पाहुणीला नाव दिले, म्हणजे तिचे येथे राहणे पूर्ण होईल.

गुरुजींनी मला एक फांदी आणि तीन नावे दिली होती. त्यांची परतफेड झाली असे मी म्हणत नाही. ती पुढे दिली, एवढे मात्र त्यांच्या स्मृतीपुढे नम्रपणे सांगतो आणि आपली रजा घेतो.